मामींच्या दरबारात अमेरिका

सरोजाबाई मामींनी मला खोली दाखवली ती सगळ्यात शेवटी. आधी खुर्चीत बसवलं, हातात फिल्टर कॉफीचा पेला दिला आणि उलटतपासणी सुरू केली. गाव कुठलं, आईवडील काय करतात, अंबत्तूरच्या कंपनीची बस मैलापुरातून किती वाजता सुटते, मांसमच्छी खातेस का, इथवर ठीक होतं. चेन्नईत मी आधी दोन घरं बदलली होती, त्यामुळे या सगळ्याची उत्तरं तयार होती. पुढचा प्रश्न मात्र कुठल्याच घरमालकिणीने मला विचारला नव्हता.

"इन्कम टॅक्स भरतेस का?"

"कंपनी कापून घेते ना, मामी."

"कापून घेते म्हणूं नको. खिसा कापतात. टॅक्स भरतात. मी भरतें म्हण."

मी मुकाट्याने "मी भरते" म्हटलं, तेव्हा कुठे किल्ली निघाली.

सगळी गल्ली त्यांना मामी म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले. ठेंगणी, काटक बाई. दोन्ही नाकपुड्यांत खड्याच्या चमक्या, जाड भिंगांचा चष्मा आणि मदुराईची सुती साडी. घराणं मूळचं तंजावरचं. कुणीतरी पूर्वज राजांबरोबर महाराष्ट्रातून तिकडे गेला, तो गेलाच. मराठी मात्र घरात राहिली, तमिळच्या चालीवर हलत-डुलत. 'सगळे' ऐवजी 'असकी', 'बाई' ऐवजी 'बायको', 'सांग' ऐवजी 'संग', 'उगाच' ऐवजी तमिळमधलं 'सुम्मा', आणि मधूनच पोथीतून उठून आल्यासारखे 'जाहलें', 'करितों'. पहिले आठ दिवस मला हसू आवरत नव्हतं. मग एकदा मामी शेजारणीला माझ्याबद्दल सांगताना ऐकलं, "पोरगी चांगली आहे, पण मराठी बिघडलेलें बोलत्ये. तिचा काय दोष? पुण्याकडची आहे." तेव्हापासून हसणं बंद केलं.

नोकरी त्यांनी आयकर खात्यात केली होती. कारकून म्हणून लागल्या आणि अधीक्षक होऊन निवृत्त झाल्या. नवरा लवकर गेला, एकुलता एक मुलगा गोपी शिकून अमेरिकेला गेला. घरी टीव्ही होता, पुस्तकं होती, दाराशी कपालीश्वराच्या देवळाजवळच्या गल्लीतली सतत वाहती वर्दळ होती. तरी एवढ्याने त्यांचं भागत नसे. त्यांना वाद लागायचा.

तमिळ लोकांत पट्टिमन्ड्रम नावाचा एक प्रकार आहे. सणावाराला, विशेषतः पोंगलला, टीव्हीवर हमखास असतो. दोन बाजू, एक विषय, आणि मधोमध नडुवर, म्हणजे निवाडा करणारा. विषय असतात ते असे: घरात सुख कुणामुळे, नवऱ्यामुळे की बायकोमुळे? वक्ते टोप्या उडवतात, लोक पोट धरून हसतात, आणि शेवटी नडुवर निकाल देतो. मामींनी हा प्रकार आपल्या दिवाणखान्यात आणून बसवला होता. दर रविवारी सकाळी नऊला इस्त्रीची साडी नेसून त्या खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसत. शेजारचे निवृत्त बँकवाले शंकरन, मी, आणि त्या दिवशी कोण दारात सापडेल तो, एवढ्यांची सभा, ज्याला जी भाषा येईल त्या भाषेत. वेळ संपली की मामी चमच्याने स्टीलच्या पेल्यावर टण्णकन वाजवत.

त्यांचे नियम तीन. पहिला, जे मत तुमचं आहे त्याच्या विरुद्ध बाजूने बोलायचं. दुसरा, जे काही बोलायचं ते नडुवरांना उद्देशून. समोरच्याकडे बघून एक अक्षर बोलायचं नाही. तिसरा, निकाल लागलाच पाहिजे. "दोघांचेंही बरोबर आहे" असं म्हणणारा नडुवर मामींच्या लेखी घरी बसवण्याच्या लायकीचा.

एकदा विषय होता, कर कमी असावेत की जास्त. मला "कमी असावेत" या बाजूने बोलायला बसवलं, कारण शंकरन हाडाचे करद्वेष्टे होते आणि त्यांना उलट बाजू घ्यावी लागली. बिचाऱ्यांच्या तोंडून करांची स्तुती काही केल्या निघेना. मामींचा जीव तळमळत होता, कारण त्यांच्या आवडत्या बाजूची डोळ्यांदेखत माती होत होती. तरी निकाल माझ्या बाजूने दिला. मी नंतर म्हटलं, "मामी, तुम्हाला तर हे पटत नाही." त्या म्हणाल्या, "मला काय पटतें तें मी मतपेटींत टाकत्यें. इथें कोण बरें बोललें तेवढेंच."

कराचं हे वेड नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. मला एकदा सणकून ताप भरला. मी म्हटलं, ऑफिसचा विमा आहे, चकचकीत खाजगी दवाखान्यात जाऊ. मामींनी मला ऑटोत घातलं आणि थेट सरकारी इस्पितळाच्या रांगेत नेऊन उभं केलं. रांग कसली, जत्राच. डोक्यावरचा पंखा बंद. मी तापात कुरकुरत म्हटलं, "फुकट मिळतं म्हणून असं असतं."

मामी गर्रकन वळल्या. "फुकट कोण संगितलें? मी जन्मभर भरलें. तूही भरत्येस. ही पुढची बायको दिसत्ये ना, काडेपेटी घेत्ये, साबण घेत्ये, तीही भरत्ये. हें असकीचें आहे."

"मग पंखा का बंद आहे?"

"हां. हें विचार. पण तिकडे जाऊन विचार."

आणि त्या स्वतःच गेल्या. आवाज चढवला नाही, फक्त ज्याला त्याला नाव विचारलं आणि पंख्याची तक्रार कुणाकडे करायची ते विचारलं. आमचा नंबर येईपर्यंत पंखा फिरायला लागला होता. तरुण डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं, गोळ्या दिल्या, दोन दिवसांत मी उठून बसले. परतताना मामी म्हणाल्या, "वाईटच आहे गो इस्पितळ. खोटें कशाला बोलूं? पण आपलें आहे, म्हणून भांडता येतें." त्या तापातही मला ही बाई फार आवडली.

गोपीला आईचं हे काही एक पटत नसे. दर रविवारी, म्हणजे त्याच्याकडे शनिवारची रात्र, त्याचा फोन येई. मामी स्पीकर लावत आणि आम्हा सभेच्या मंडळींना हलू देत नसत. गोपी टेक्ससमध्ये होता. एक बॅग घेऊन गेलेला माणूस, आता स्वतःची कंपनी, हाताखाली माणसं. त्याचं म्हणणं सरळ होतं: मी राबलो, मी कमावलं, सरकारने माझ्या खिशात हात घालून ते न राबणाऱ्याला का द्यावं? त्या वर्षी अमेरिकेत सगळ्यांना आरोग्यविमा मिळावा म्हणून कायदा करायचा घाट घातला होता आणि तिकडे घराघरात रणधुमाळी चालू होती. गोपी तावातावाने सांगे, मामी तावातावाने उत्तर देत, आणि मैलापुरातल्या त्या खोलीत आम्ही अमेरिकेच्या संसदेत बसल्यासारखे ऐकत असू. मला तोवर माझ्या नगरसेवकाचं नावही ठाऊक नव्हतं.

खरं दुखणं वेगळंच होतं. गोपीचा मुलगा माधव, तिकडचा मॅडी, कॉलेज संपवून एका आरोग्यविम्याच्या कंपनीत लागला होता. लोकांचे दावे तपासायचं काम. वर्षभरात त्याने ती नोकरी सोडली आणि लांबच्या दुसऱ्या राज्यात जाऊन एका दुकानात सायकली दुरुस्त करू लागला. नोकरी गेली तसा विमाही गेला. आणि मुलाला लहानपणापासून दमा. सणाच्या जेवणाच्या टेबलावर बापलेकांची जुंपली. बाप म्हणाला, तुमच्या पिढीला काम नको, सगळं आयतं हवं. मुलगा म्हणाला, तुम्ही ज्याला काम म्हणता ते आजारी माणसाला नाही म्हणण्याचं काम होतं. ताट तसंच टाकून तो उठला. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. आठवडे गेले, महिने गेले. सून लता आणि मॅडी चोरून फोनवर बोलत, आणि तिने ते सगळं रडत रडत सासूला सांगितलं.

त्या रविवारी मामींनी सभा भरवली नाही. साडी इस्त्रीची होती, पण त्या खिडकीत नुसत्याच बसून होत्या. मी कॉफी करून दिली तर म्हणाल्या, "माझें पोर, आणि पोराचें पोर. दोघेंही तोंडाळ. मग बोलत कां नाहींत?" त्यांचे डोळे भरून आलेले मी पहिल्यांदाच बघितले. मी शेजारी बसून राहिले.

दोन-तीन आठवड्यांनी त्यांना सुचलं. त्यांनी लताला फोन लावला. "कान्फरन्स का काय म्हणतात तें तुला जमतें ना? रविवारीं दोघांना जोड." पलीकडून लता काहीतरी घाबरून बोलत असावी. मामी म्हणाल्या, "नको बोलूं दे एकमेकांशीं. कोण बोल म्हणतो? नडुवरशीं बोलायचें. पट्टिमन्ड्रमांत कुठें कोणी समोरच्याशीं बोलतो?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की त्या दुसऱ्या नियमाचा असाही उपयोग होतो.

गोपी आधी तयार होईना. "अम्मा, हा पोरखेळ आहे." मामी म्हणाल्या, "तुझी बाजू लंगडी आहे म्हणून भितोस, संग." त्यावर कुठला गोपी मागे राहतो? मॅडीला पाट्टीने, म्हणजे आजीने, बोलावलं म्हणताच तो तयार झाला. विषय मामींनी स्वतः ठरवला: आजच्या पोरांना काम नको आणि सगळं सरकारकडून हवं, हे खरं की खोटं? नियमाप्रमाणे "खरं" ही बाजू मॅडीकडे आली आणि "खोटं" ही गोपीकडे. शंकरन, मी आणि तिकडे लता, एवढे श्रोते. शंकरन तर जरीकाठाचं धोतर नेसून आले होते.

मॅडी इंग्रजीतच बोले, मधे मधे आजीसाठी तमिळ. सुरुवात त्याने टवाळीनेच केली. "माननीय नडुवर, माझी पिढी आळशी आहे. पुरावा म्हणून मी स्वतः हजर आहे." शंकरन खो खो हसले. पण मग त्याचा सूर हळूहळू बदलला. "नडुवर, मी एका माणसाला ओळखतो. तो या देशात आला तेव्हा दिवसा शिकायचा आणि संध्याकाळी हॉटेलात भांडी घासायचा. पहिल्या हिवाळ्यात त्याच्याकडे कोट नव्हता. वाचनालय बंद होईपर्यंत तो तिथे बसायचा, कारण तिथे ऊब होती. त्याने कुणाकडे काही मागितलं नाही. त्याच्या मुलाला मात्र सोळाव्या वर्षी गाडी मिळाली. आता सांगा, त्या मुलाने कामाबद्दल बोलावं तरी कुठल्या तोंडाने?"

मामींच्या हातात चमचा होता, तो पेल्यापासून वीतभर दूर तसाच राहिला. वेळ कधीच संपली होती.

मग गोपीची पाळी. त्याने घसा साफ केला आणि आकडे वाचायला लागला, अमुक इतक्या लोकांना विमा नाही वगैरे. इतकं कंटाळवाणं, की शंकरनांनी जांभई दिली. मग तो थांबला. कागद बाजूला ठेवल्याचा आवाज आला आणि पुढचं तो मराठीत बोलला, आईच्या त्या जुन्या मराठीत.

"नडुवर, एक पोर एग्मोरच्या सरकारी इस्पितळांत जन्मलें. दिवस भरायच्या आधीं. वजन कांहींच नव्हतें. नर्सनीं त्याला कापसांत गुंडाळून ठेवलें. आईबापाकडे द्यायला कांहीं नव्हतें आणि कोणी मागितलेंही नाहीं. तें पोर जगलें, मोठें जाहलें, अमेरिकेला आलें, आणि म्हणायला लागलें कीं मी असकी एकट्याने केलें."

मामींनी पदराने चष्मा पुसायला घेतला.

"आणि नडुवर, आणखी एक पोर आहे. त्याला दमा आहे. काम करतें. हातांनीं करतें, दिवसभर करतें. त्याची आई चोरून रडत्ये, तिला वाटतें मला ऐकूं येत नाहीं. तें पोर औषध पुरवून पुरवून घेतें. दोनदां ओढायचें तिथें एकदां ओढतें, असें..." मग एकदम इंग्रजीत, अगदी साध्या आवाजात, "मॅडी, आज इनहेलर घेतलास का?"

नियम मोडला होता. शंकरनांनी मामींकडे बघितलं. मामींनी चमचा हळूच खाली ठेवला.

"घेतला, डॅड," मॅडी म्हणाला.

"दोनदा?"

"...एकदा."

"का?"

"संपत आलाय."

"मला सांगायचं नाही?"

"तुम्ही बोलत होतात का माझ्याशी?"

"बरं, आता बोलतोय ना!" गोपी ओरडलाच. मग दोघंही एकाच वेळी बोलू लागले, डॉक्टर, औषधाचं दुकान, दुकानाच्या मालकाने विमा का द्यायला हवा, कुणी कुणाला आधी फोन करायला हवा होता. मामी मधे म्हणाल्या, "निकाल..." तर गोपी म्हणाला, "अम्मा, एक मिनिट थांब." जन्मभर कुणी नडुवरला थांब म्हटलं नसेल. मामी थांबल्या. चांगल्या अर्धा तास थांबल्या, आणि त्या सबंध वेळात त्यांच्या तोंडावरचं हसू मावळलं नाही. निकाल काही त्या दिवशी लागला नाही. पुढेही लागला नाही. तिसरा नियम मोडला तो मामींनी स्वतः.

यातून कुणाचं मत बदललं असं समजू नका. गोपी त्या कायद्याच्या विरोधातच राहिला. पोराचं औषध बाप घेऊन देईल, त्यात सरकारचं काय काम, असं तो म्हणे. मॅडी म्हणे, ज्याला असा बाप नाही त्याने काय करायचं? गोपी म्हणे, हे तू मला पट्टिमन्ड्रममध्ये विचार. आणि पुढच्या रविवारी मॅडी खरंच विचारी. हिवाळ्यात गोपी मुलाच्या दुकानात जाऊन आला. परतल्यावर आईला त्याने कौतुकाने सांगितलं, पोरगा सकाळी सातला दुकान उघडतो, गंजलेली सायकल नवीकोरी करून देतो. "आळशी नाही, अम्मा. वेडा आहे." मामी म्हणाल्या, "तूही वेडाच होतास. आम्हीं कांहीं बोललों का?" सायकलीच्या दुकानात विमा काही मिळाला नाही, पण मॅडीने संध्याकाळचं शिकणं सुरू केलं. कशाचं, तर रुग्णालयांच्या व्यवस्थापनाचं. तिथे बसून काय बदलता येतं ते बघतो म्हणाला.

पुढच्या उन्हाळ्यात माझी पुण्याला बदली झाली. निघायचा दिवस नेमका रविवार आला. सेंट्रल स्टेशनहून गाडी दुपारची होती. म्हटलं, शेवटची सभा ऐकून निघावं. मामी नऊला खुर्चीत बसल्या. शंकरन आले. साडेनऊ झाले, फोन नाही. पावणेदहा झाले, तरी नाही. मला बरं वाटेना. म्हटलं, मी लावून बघू का?

"नको, थांब," मामी म्हणाल्या. पण त्यांनाही राहवलं नाही, त्यांनी लताला लावला. दोन मिनिटं ऐकत राहिल्या, "हो," "सरि, सरि," म्हणजे बरं बरं, असं म्हणत. मग रिसीव्हर ठेवला.

"काय झालं, मामी?"

"दोघे तासभर फोनवर आहेत. एकमेकांशीं. टॅक्सवरून भांडत आहेत म्हणे. लता जांभया देत बसली आहे." त्यांनी फोन जागेवर सरकवून ठेवला. "मला लावायचें विसरले."

त्या आवाजात थोडं दुखणं होतं, नव्हतं असं मी म्हणणार नाही. मग त्या उठल्या, भाजीची पिशवी घेतली, माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली, रडू नको म्हणाल्या आणि स्वतःच नाक पुसलं. "गाडीत दही-भात खा. टॅक्स भर," एवढं बजावून माझ्याआधी जिना उतरल्या.

मी सामान घेऊन खाली आले, ऑटोत बसले. ऑटो गल्लीच्या तोंडाशी गर्दीत अडकली, तर समोरच मामी फुलवालीशी बोलत उभ्या होत्या. तमिळमध्ये, खणखणीत, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात.

"आज माझ्या मुलाचा फोन आला नाही!"

"अय्यो, मामी," फुलवाली हळहळली, "पुढच्या आठवड्यात येईल हो."

"नको येऊं दे," मामी म्हणाल्या, आणि हसत हसत मोगऱ्याचे दोन गजरे मागितले.